छटाकचा धडा

वजनमाप खात्यातल्या निरीक्षकाने सांगितलेल्या वजनावर लोकांनी विश्वास ठेवावा, एवढी साधी अपेक्षा असते. माझ्यावर लोक ठेवायचेही. मी लांबून येताना दिसलो की भाजीवाले, किराणावाले, भंगारवाले काट्यावरची धूळ पुसायला लागायचे. आमच्या इमारतीत कुणाच्या बाळाचं वजन दवाखान्यात करून आणलं, तरी आई ते बाळ माझ्या हातात देऊन विचारायची, "बरोबर आहे ना हो?" मग मी बाळ जरा वरखाली करायचो, छताकडे बघायचो आणि मान डोलवायचो. एवढी माझी पत होती. ती एका मांजराने घालवली, आणि तरीही मी हे सगळं मोठ्या आनंदाने सांगायला बसलोय, यावरून काय ते समजा.

मांजर पाळायचं आमच्या हिच्या मनात आलं. हिच्या मनात एखादी गोष्ट आली की ती मुळात माझ्याच मनात कशी आली होती, हे ही मला पटवून देते. त्यामुळे एका रविवारी अनाथ प्राण्यांच्या आश्रमात मी हौसेने गेलो. तिथे गुबगुबीत, तुकतुकीत, एकापेक्षा एक देखणी मांजरं होती. ही त्या सगळ्यांना ओलांडून थेट कोपऱ्यातल्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. आत फरशी पुसायचं राखाडी फडकं ठेवलंय असं मला वाटलं. फडक्याने मान वर केली आणि तोंड उघडलं, पण आवाज काही निघाला नाही.

"ती आजारी आहे," आश्रमातल्या बाई म्हणाल्या. "तिला कुणी नेत नाही."

"म्हणूनच नेतोय," ही म्हणाली.

मी तिला उचललं. माझा हात वजनाच्या अंदाजाने वर गेला तो नुसताच वर गेला, हाताला काही लागलंच नाही. "ही तर छटाकभर आहे," मी म्हणालो, आणि तिचं बारसं तिथेच झालं. हल्लीच्या पिढीला ठाऊक नसेल, छटाक हे शेराच्या काळातलं बारीकसं माप. आमच्या खात्याने ते केव्हाच बाद केलंय. म्हणजे मी स्वतःच्या घरात एक बेकायदा माप आणून ठेवलं होतं.

घरी नेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरबाईंना दाखवलं. बाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी छटाकला काट्यावर ठेवलं, तिचं तोंड उघडलं, आत बॅटरी मारली आणि तोंड मिटलं.

"दात किडलेत, हिरड्या सडल्यात. दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून वाळलीय. दात काढावे लागतील."

"मग काढा की."

"भूल द्यावी लागेल. सव्वादोन किलो वजन आहे. एवढ्याशा जिवाला भूल सोसणार नाही. आधी वजन तीनच्या आसपास आणा."

"पण दात दुखतात म्हणून ती खात नाही ना?"

"हो."

"आणि खाल्ल्याशिवाय दात काढता येणार नाहीत?"

"बरोबर."

मी सरकारी नोकर आहे. या अर्जासाठी तो दाखला आणि त्या दाखल्यासाठी हा अर्ज, असले पेच मी रोज बघतो, क्वचित स्वतःही घालतो. पण निसर्ग इतक्या सफाईने असा पेच एका मांजराच्या तोंडात घालू शकतो, हे मला माहीत नव्हतं. मी अगदी आदराने त्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि वजन वाढलंच नाही तर?" हिने विचारलं.

डॉक्टरबाई हात पुसत होत्या. "तर फार दिवस काढायची नाही ती," त्या म्हणाल्या. "सारखी इथे आणू नका, पिंजऱ्यात घातली की धसका घेईल आणि आहे तेही खाणं सोडेल. घरीच मोजा आणि मला फोनवर कळवा."

ही रुमालाने डोळे टिपत होती. मला वाईट वाटलंच, नाही असं नाही. पण 'घरीच मोजा' हे शब्द कानावर पडताच माझी छाती आपोआप पुढे आली. डॉक्टरबाईंना कल्पना नव्हती की त्या हे कुणाला सांगताहेत.

पहिला अडथळा इमारतीच्या दारातच उभा होता. सेक्रेटरी. "नियमात लहान प्राणी चालेल असं लिहिलंय," ते म्हणाले. "लहान म्हणजे किती वजनाचा, त्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा."

"सक्षम अधिकारी मीच आहे."

"तुम्ही पक्षकार आहात. पक्षकाराला स्वतःच्या मांजराचा दाखला देता येत नाही."

मुद्दा बिनतोड होता. मी त्यांच्या जागी असतो तर हाच काढला असता. आम्ही दोघं नियमांवर बोलत असताना त्यांनी हिच्या हातातल्या टोपलीत सहज डोकावलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ही जगेल का हो?" त्यांनी विचारलं. दाखल्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, पण टोपली आत न्यायला दार मात्र स्वतः उघडून दिलं.

दुसरा अडथळा आमच्या कचेरीत होता. आमच्याकडे काचेच्या पेटीतला एक फार सुंदर काटा आहे. केस ठेवला तरी सांगतो. मी साहेबांकडे परवानगी मागितली.

"मांजर विकणार आहात का?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही साहेब."

"म्हणजे ती माल नाही."

"नाही."

"मग आपल्या काट्यावर कशी चढेल? आज तुमची मांजर चढेल, उद्या कुणी सासूला घेऊन येईल."

स्वयंपाकघरातल्या काट्यावर छटाक क्षणभरही थांबेना. राहता राहिला माणसांचा, न्हाणीघरातला काटा. तो मी आधी कचेरीतल्या वजनांनी तपासून घेतला. चोख होता. मग छटाकला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करायचं, अशी पद्धत ठरली. आमच्या धंद्यात याला धडा करणं म्हणतात. खोक्यातून माल मोजायचा तर दुकानदाराने आधी रिकामं खोकं तोलून ते वजन बाजूला काढायचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या माथी पुठ्ठा बसत नाही. आणि धडा दर वेळी नव्याने करायचा. खोकं ओलं होतं, भांड्याला काहीबाही चिकटतं. यावर मी दुकानदारांना उभं करून व्याख्यानं दिली आहेत. तर पहिल्या दिवशी मी एकटा काट्यावर उभा राहिलो, आकडा आला एकाहत्तर किलो, आणि मी घरात जाहीर केलं, "धडा झाला."

पण मोजायला आधी वाढायला तर पाहिजे. छटाक खाईना. कुस्करलेला मासा, कोमट सूप, औषध घातलेला लगदा, कशालाही ती एकदा जीभ लावायची आणि तोंड फिरवून बसायची. समोरच्या काकू दिवसातून तीनदा येऊन सल्ला देऊन जायच्या. "बशीचं असतं हो सगळं," त्या म्हणाल्या. "मिशा काठाला लागल्या की मांजर जेवत नाही. पसरट बशी घ्या." आम्ही घरातल्या सगळ्या बश्या पालथ्या घातल्या. शेवटी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या नव्या सेटमधली सर्वात मोठी ताटली हिने स्वतः काढून दिली, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे हे मला कळलं. छटाक त्या ताटलीत जाऊन झोपली.

माझे सासरे त्या वेळी आमच्याकडे चार दिवसांसाठी आलेले होते. ते चार दिवस कधीपासून चालू आहेत, हे विचारायची पद्धत नाही. "जावईबापू, तिला आपलं दुःख विसरायला लावा," ते म्हणाले, आणि तिच्यासमोर वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले. त्याने दुःख कमी होईल असं मला वाटत नव्हतं.

आणि एका सकाळी तो चमत्कार झाला. कचेरीला उशीर होत होता. मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून बुटाची नाडी बांधत होतो, तोंडात उकडलेलं अंडं होतं. शेजारी छटाक आपल्या बशीसमोर रुसून बसलेली. मी अंडं चावलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माशाला जीभ लावली. मी गिळलं आणि थांबलो, तीही थांबली. मी पुन्हा घास घेतला, तिने पुन्हा जीभ लावली.

"अगं, इकडे ये," मी हिला हाक मारली. "हळू ये, आणि येताना पाव घेऊन ये."

ही आली, सासरे आले. दोघं दारात श्वास रोखून उभे राहिले आणि मी जमिनीवर बसून एकामागून एक पावाचे तुकडे खात राहिलो. छटाक बशी चाटत होती. बशीचा तळ दिसला तेव्हा हिने माझा हात घट्ट धरला. लग्नात तिने तो इतका घट्ट धरल्याचं मला आठवत नाही. मी त्या दिवशी कचेरीत उशिरा, पण विजयी मुद्रेने पोचलो.

त्या मांजराला पंगत लागत होती, एवढंच. एकटीने जेवायला तिला धीर होत नव्हता. आणि पंगतीलाही मीच लागत होतो. सासऱ्यांनी एकदा बिस्किटांची बशी घेऊन तिच्याशेजारी बैठक मारली. बशीभर बिस्किटं संपली, छटाक घोरत होती. त्यांनी प्रयत्न मात्र सोडले नाहीत, रोज दुपारी एक बशी घेऊन बसायचे.

आता माझं आयुष्य फार उत्साहाचं झालं. उठल्यावर तिच्याबरोबर जेवण, कचेरीला जाताना जेवण, मधल्या सुट्टीत रिक्षा करून घरी जेवायला, संध्याकाळी आल्याआल्या जेवण, आणि मग आमचं नेहमीचं जेवण. काट्यावर आकडा हलला. सव्वादोनचे अडीचच्या जवळ आले. मी जिन्यात सेक्रेटरींना सांगितलं, त्यांनी तो आकडा सगळ्या मजल्यांवर पोचवला. दुसऱ्या दिवसापासून मी जिना उतरायला लागलो की दारं उघडायची.

"आज किती?"

"अडीचला टेकली."

"वा, वा."

आणि मदतीचा ओघ सुरू झाला. काकूंनी वाटीभर कस्टर्ड आणलं. मी म्हटलं, "काकू, तिला गोड चालत नाही."

"तिला कुठे आणलंय? तुम्हाला आणलंय. तुम्ही खाल्लंत तरच ती खाणार ना?"

मी खाल्लं. खालच्या मजल्यावरून केक आला, वरून कटलेट आली, सेक्रेटरींनी लोण्याच्या बिस्किटांचा डबा आणून "इमारतीच्या वतीने" असं म्हणून माझ्या हातात दिला. मी एका मुक्या जिवासाठी जेवत होतो. कधी कधी तर भूक नसतानाही जेवत होतो. हा त्याग माझ्या चेहऱ्यावर दिसत असावा, कारण भेटेल तो माझी पाठ थोपटायचा. याच सुमारास माझ्या पँटी आटल्या. मी लाँड्रीवाल्याला चांगला फैलावर घेतला.

एकटे सासरे तेवढे आनंदात सामील होत नव्हते. "जावईबापू," ते म्हणाले, "मला तर ती तशीच दिसते."

"बाबा," मी शांतपणे म्हणालो, "डोळ्यांनी वजन कळत असतं तर सरकारने आमचं खातं कशाला उघडलं असतं?"

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

आकडा पावणेतीन झाला, त्याच्याही वर गेला, आणि एका सकाळी पूर्ण तीन. मी तिला कडेवर घेऊन तसाच जिन्यात आलो. काकूंनी डोळे पुसले. सेक्रेटरींनी माझ्याशी हात मिळवला, मग छटाकच्या पंजाशी. मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि खात्याच्या आवाजात म्हणालो, "तीन किलो. बरोब्बर."

"इतक्या लवकर?" बाई म्हणाल्या. "छान. उद्या सकाळी घेऊन या, काही खायला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी अर्धी इमारत आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली होती. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छटाकला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, उचलून पुन्हा ठेवलं.

"सव्वादोन," त्या म्हणाल्या.

मी हसलो. बिघडलेल्या काट्यांशी माझी जन्माची ओळख आहे. "काटा चुकतोय तुमचा," मी म्हणालो. "काही हरकत नाही, होतं असं. याची तपासणी शेवटची कधी झाली? शिक्का दाखवा बघू."

बाईंनी काटा फिरवला. मागे शिक्का होता, याच वर्षाचा. खाली सही होती. सही माझी होती.

मी ती सही बराच वेळ वाचली.

"घरी कसं मोजत होता?" बाईंनी विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं. पंगत, कडेवर घेणं, धडा, वजाबाकी. बाईंनी ऐकता ऐकता माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि शर्टाच्या मधल्या गुंडीपाशी त्यांची नजर थांबली.

"आणि तुमचं वजन?"

"एकाहत्तर."

"कधी?"

"पहिल्या दिवशी. धडा तेव्हाच..." मी म्हणालो, आणि माझाही हात शर्टाच्या त्या गुंडीकडे गेला.

त्यांनी कोपऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांच्या काट्याकडे बोट दाखवलं. मी चढलो. ही वाकून बघायला लागली. एकाहत्तर आणि वर पाऊण किलो.

"खाल्लेलं अंगी लागलंय," बाई म्हणाल्या. "फक्त अंग तुमचं."

माणसाने खोकं व्हावं, आणि तेही ओलं. आयुष्यभर दुसऱ्यांना धडा शिकवला आणि स्वतःचा करायचा राहिला. पण तेव्हा मला लाज वाटायलाही सवड मिळाली नाही, कारण हिचा चेहरा पार उतरला होता. "म्हणजे ती काहीच वाढली नाही?" ही म्हणाली. "इतके दिवस आम्ही आनंदाने नाचत होतो, आणि ती तिथेच?"

"तिथेच," बाई म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्या खुर्चीवर बसल्या. "पण असं बघा. हे दात तोंडात असताना ती एव्हाना दोनच्या खाली यायला हवी होती. ती नुसती तगलीय, हे काही थोडं नाही. तुमच्या पंगतीने तगलीय. मात्र याहून जास्त ती वाढणार नाही, आता उतरायलाच लागेल. भूल आज दिली तर धोका आहे, आणि थांबलो तर त्याहून जास्त. माझं मत आजच करावं. पण तुम्ही सांगा."

ही माझ्याकडे बघायला लागली. घरात वजनाचं काहीही असलं की माझ्याकडे बघायची सवय. माझ्याजवळ आता एकही आकडा नव्हता. छटाक टेबलावर बसून माझ्या बोटांचा वास घेत होती, खायला काही आणलंय का ते बघत होती. मला फार भीती वाटली. "करा," मी म्हणालो.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. हिने टीका केली नाही, त्यामुळे मला आणखी अवघड झालं. सासरे मागून रिक्षाने आले, सगळं ऐकून घेतलं, आणि "डोळ्यांनी" हा शब्द एकदाही न उच्चारता माझ्या शेजारी बसले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आमच्याकडे कायमचा राहिला तरी चालेल, असं मला त्या बाकावर प्रथमच वाटलं.

दुपार कलली तेव्हा दार उघडलं. "दात निघाले. शुद्धीवर आलीय," बाई म्हणाल्या. हिने माझा खांदा पकडला. "पण अजून सुटलो नाही. पोटात काही गेलं पाहिजे, नाहीतर अंगातली धुगधुगी टिकायची नाही. आम्ही भरवून पाहिलं, तोंड उघडत नाही. तुम्ही या आत. येताना काहीतरी खायला घ्या."

आमच्याकडे काही नव्हतं. सासऱ्यांनी खिसे उलटे केले. बाईंनी क्षणभर विचार करून आपला डबा माझ्या हातात दिला. त्यांना कसलंसं पथ्य होतं, आत नुसता उकडलेला मासा होता, मऊ, मिठाशिवाय.

छटाक पिंजऱ्यात घोंगडीवर पडली होती. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जराशी बाहेर. तिच्यापुढे लगदा तसाच पडला होता. पिंजऱ्याचं दार उघडं करून मी जमिनीवर बसलो आणि माशाचा तुकडा तोंडाजवळ नेला. एरवी कस्टर्डवर केक आणि केकवर कटलेट रिचवणारा माणूस मी, पण तो घास काही केल्या आत जाईना. चावण्याचं नाटक करून बघितलं, तेही जमेना. तुकडा डब्यात ठेवला, डबा जमिनीवर ठेवला आणि मी सरळ रडायला लागलो. इतक्या मोठ्या वयात, खात्याचा बिल्ला शर्टावर असताना.

डोळे पुसून बघतो तर घोंगडी हलत होती. छटाक एकेक पाऊल मोजून टाकावं तशी पिंजऱ्याच्या दारापर्यंत आली. डब्यात नाक घातलं, थांबली. तिने एक तुकडा ओढला आणि गिळला. मग दुसरा. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. माझं तोंड रिकामं होतं, माझे हात रिकामे होते, आणि ती खात होती, घाईघाईने, भुकेल्या मांजरासारखी. दुखायला आता तोंडात काही उरलंच नव्हतं.

बाई आत आल्या तेव्हा छटाक डब्याचे कोपरे चाटत होती. दारात ही आणि सासरे एकमेकांना धरून उभे होते. बाईंनी रिकामा डबा उचलला आणि संशयाने माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या. "यातलं कुणी किती खाल्लं?"

"सगळं तिने," मी अभिमानाने म्हणालो. "मी सकाळपासून उपाशी आहे."